ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये कोड टाकल्यावर दर आपोआप यावा आणि रक्कम निघावी, यासाठी डीलुकअप वापरावं का?

तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममधल्या बिलाच्या फॉर्ममध्ये मालाचा कोड टाकला की नाव, दर आणि जीएसटी समोर यावा, नगाने गुणून रक्कम निघावी, असं तुम्हाला हवंय. सध्या रकमेच्या चौकटीत कधी काहीच येत नाही आणि खालच्या बेरजेत #एरर येतं. डीलुकअप (दुसऱ्या टेबलात बघून किंमत आणणारं फंक्शन) घेऊ की कॉम्बो बॉक्स (यादीतून निवडायची चौकट), एवढंच तुम्ही विचारलंय. पण प्रश्नात तुमचं एक वाक्य आहे: "दर मालाच्या टेबलात आहेच, मग बिलाच्या टेबलात पुन्हा कशाला ठेवायचा?" या वाक्यापायी मी अकरा रात्री जागून काढल्या आहेत. म्हणून थोडं लांबण लागेल.

आधी तुमचं काम. कॉम्बो बॉक्स घ्या. त्याच्या रो सोर्समध्ये, म्हणजे यादी जिथून भरते तिथे, कोड, नाव, दर, कर असे चार कॉलम आणा आणि आफ्टर अपडेटमध्ये, म्हणजे निवड झाल्याबरोबर जे चालतं त्यात, बिलाच्या टेबलातल्या दर या फील्डला (रकान्याला) तिसऱ्या कॉलमची किंमत द्या. कॉलम शून्यापासून मोजतात, म्हणजे तिसरा हवा तर कॉलम(२) लिहायचं. डीलुकअप वाईट नाही, पण प्रत्येक ओळीसाठी ते वेगळं टेबलात जाऊन बघतं, ओळी वाढल्या की फॉर्म रांगायला लागतो. जुळणाऱ्या दोन नोंदी असल्या तर त्यातली एक उचलतं आणि तुम्हाला कळूही देत नाही. एकही नसली तर नल देतं, म्हणजे काहीच नसलेली कोरी किंमत. तुमची रक्कम कोरी दिसते ती या नलमुळे, कारण नलला कशानेही गुणलं तरी उत्तर नलच. नगाला एनझेड (नलच्या जागी दुसरा आकडा देणारं फंक्शन) लावून शून्य केलंत तर चालेल, दराला लावू नका. शून्य दराचं बिल गिऱ्हाइकाच्या हातात जाण्यापेक्षा कोरी चौकट कधीही बरी.

आता दुधाचं सांगते.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत मी लिपिक होते. दूध घालणारे दोनशेच्या आसपास, सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला चारशे नोंदी. लिटर मोजायचं, फॅट बघायची, लॅक्टोमीटरची डिग्री बघायची. एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) आमच्याकडे तेव्हा कुणी मोजत नव्हतं, ते काढायचं: डिग्रीचा चौथा हिस्सा, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. हे आमच्या दूध संघाचं सूत्र, दुसरीकडे आकडे थोडे वेगळे असतात. मग फॅट आणि एसएनएफ धरून दरपत्रकात बोट फिरवायचं आणि दोन्ही जिथे मिळतील तिथला दर लिहायचा. म्हणजे एक चौकट हिशोबाची आणि एक बघून आणायची, तुमच्या बिलासारखीच.

तालुक्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमधल्या सरांनी ॲक्सेसमध्ये आम्हाला प्रोग्राम करून दिला होता. माणूस हुशार, आणि कष्टाळूही. फॉर्म देखणा होता. सभासद क्रमांक टाकला की नाव येई, फॅट आणि डिग्री टाकली की एसएनएफ, दर, रक्कम सगळं भराभर येई. मी खूश होते. दराच्या चौकटीच्या कंट्रोल सोर्समध्ये, म्हणजे चौकटीत काय दिसावं ते जिथे सांगतात तिथे, बरोबरच्या चिन्हापुढे डीलुकअप लिहिलेलं होतं. बरोबरचं चिन्ह घालून जे लिहाल ते फक्त पडद्यावर दिसतं, टेबलात त्यातलं काहीच उतरत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं, आणि त्यांनी ते मुद्दाम तसं केलं होतं.

१ जुलै २०११ पासून म्हशीच्या दुधाचा दर वाढला. संघाकडून नवीन दरपत्रक आलं, मी दुपारभर बसून जुन्या आकड्यांवर नवे आकडे भरले. दहा-दहा दिवसांची बिलं छापून वाटली जात होती, पैसे मिळत होते, कुणाची तक्रार नव्हती. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर फरक बिल काढायला बसलो. ज्यांना संस्थेचा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी: वर्षभरात ज्याच्या दुधाची जेवढी रक्कम झाली, त्या हिशोबात दिवाळीला फरक वाटतात. त्यावर घरातले कपडे, तेल, डाळ ठरलेलं असतं. प्रोग्रामने २०११-१२ ची बेरीज काढली आणि ती खतावणीला जुळेना. एका सभासदाची नाही, म्हशीचं दूध घालणाऱ्या एकाचीही नाही. सगळ्यांची जास्त. एप्रिल, मे, जूनच्या दुधालाही जुलैचा दर लागला होता, कारण जुना दर प्रोग्राममध्ये कुठेही उरलेला नव्हता. फॉर्म उघडला की तो त्या क्षणी दरपत्रकात बघायचा आणि आजचा दर दाखवायचा.

सरांना बोलावलं. चेअरमनच्या खोलीत, सचिवांसमोर मी म्हटलं, दर प्रत्येक नोंदीत लिहून ठेवायला हवा होता. ते म्हणाले, "मॅडम, जी गोष्ट काढता येते ती साठवायची नसते. डेटाबेसचा पहिला धडा आहे हा. तुम्ही कॉमर्सच्या, तुम्हाला वहीची सवय." मी गप्प बसले. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते त्यांच्या भाषेत मांडता येत नव्हतं.

त्यांनी दुरुस्ती केली. दरपत्रकाच्या टेबलात 'लागू दिनांक' हे फील्ड घातलं, जुने दर संघाच्या छापील पत्रकावरून पुन्हा भरून घेतले आणि डीलुकअपला तारखेची अट लावली. म्हणाले, आता कुठल्याही दिवसाचा दर निघेल. पद्धत चुकीची नव्हती, हे मी मान्य करते. पण ती रोजच्या नोंदीनुसार तपासायला माझ्याकडे काहीच नव्हतं. संस्थेची स्थळप्रत कार्बनची, निम्म्या ठिकाणी वाचता न येणारी.

तेव्हा वरच्या आळीच्या एक आक्का मदतीला आल्या. दोन म्हशी, लिहिता-वाचता येत नाही, सही म्हणून अंगठा. त्यांच्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तीन वर्षांच्या पावत्या होत्या. प्रत्येक वर्षाची चवड वेगळी, सुतळीने बांधलेली. काही कागदांना दुधाचे पिवळे डाग, काहींना पेंडेचा वास. मी विचारलं, आक्का, वाचता येत नाही तर एवढं जपलंत कशाला? त्या म्हणाल्या, "अगं, मला न्हाई येत, पर कुनाला तरी येतंयच की."

१ ते १० जुलै २०११ ची त्यांची पावती मी प्रोग्रामशेजारी ठेवली. पहिल्या तारखेची सकाळ: साडेचार लिटर, फॅट ६.४, डिग्री २९. एसएनएफ ८.९५४ येतं, म्हणजे ९.०. पावतीवर नवा दर, प्रोग्रामवर जुना. दोन तारखेला तेच. सहा तारखेपर्यंत तेच, आणि सात तारखेपासून दोन्ही तंतोतंत सारखे. लिटरमागे दोन रुपयांचा फरक धरला तरी सकाळ-संध्याकाळ मिळून सहा दिवसांत आक्कांचे शंभराहून जास्त रुपये गेले असते.

सहाच दिवस का, हे शोधण्यात माझ्या तीन रात्री गेल्या. ॲक्सेसमध्ये अटीत तारीख लिहिताना दोन्ही बाजूंना हॅशचं चिन्ह देतात, आणि त्या चिन्हांमधली तारीख तो अमेरिकन पद्धतीने वाचतो: आधी महिना, मग दिवस. तुमच्या कॉम्प्युटरवर भारतीय पद्धत लावलेली असली तरीही. ०५/०७ म्हणजे आपली पाच जुलै, त्याच्या लेखी सात मे. एक ते सहा जुलै या तारखा त्याने जानेवारी ते जूनमध्ये नेल्या आणि जुना दर दिला. सात जुलै उलटी केली तरी सात जुलैच. आठ ते बारा तारखा ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये गेल्या, तिथे नवा दर होता, म्हणून उत्तर योगायोगाने बरोबर आलं. तेरापासून पुढे तेरावा महिनाच नसल्याने त्याने निमूटपणे दिवस-महिना अदलाबदल करून बरोबर वाचलं. कुठेही एरर नाही, इशारा नाही. उपाय एका ओळीचा आहे: तारीख अटीत देण्याआधी फॉरमॅट वापरून वर्ष-महिना-दिवस अशी करून घ्या.

पावत्या तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. फॅट ४.० आणि डिग्री २९ असली की एसएनएफ बरोबर ८.४५ येतं. हाताने हिशोब करणारा कुणीही ८.५ लिहील. एक्सेलही ८.५ देतं. ॲक्सेसचं राउंड ८.४ देतं, कारण बरोबर मध्यावर आलं की ते सम अंकाकडे झुकतं. दरपत्रकात एक घर खाली. ज्या आकड्यावरून दर ठरतो तो आकडा राउंडच्या भरवशावर सोडू नका. आधी सीकर या फंक्शनने आकडा करन्सी प्रकारात करून घ्या, दहाने गुणा, अर्धा मिळवा, इंट या फंक्शनने पूर्णांक घ्या आणि पुन्हा दहाने भागा. आणि फॅटसारखे दशांश आकडे सिंगल या प्रकारात ठेवू नका, पडद्यावर ३.६ दिसतं, पण अटीतल्या ३.६ शी ते जुळत नाही आणि दर सापडत नाही. करन्सी प्रकारात चार दशांशांपर्यंत हिशोब अचूक राहतो, त्याला रुपयाचं चिन्ह लावायलाच हवं असं नाही.

उरलेल्या आठ रात्री मी गावातून मिळतील तेवढ्या पावत्या गोळा करून प्रत्येक नोंदीत दर भरला. फरक बिल दिवाळीच्या चार दिवस आधी निघालं.

आता सरांना तेव्हा जे सांगता आलं नाही ते. काढता येतं ते साठवू नये हा नियम खरा आहे, आणि मी तो पाळते. पण दरपत्रकातला दर आणि पावतीतला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त नाव एक आहे. दरपत्रक सांगतं, आज काय भाव आहे. पावती सांगते, त्या सकाळी या बाईचं दूध काय भावाने घेतलं. दुसरी गोष्ट पहिलीवरून निघत नाही. आंबट निघालेल्या दुधाला आमच्याकडे निम्मा दर देत, ते कुठल्या दरपत्रकात होतं? तुम्हीसुद्धा ओळखीच्या शेतकऱ्याला पोत्यामागे दहा रुपये कमी लावत असाल. ते दहा रुपये 'लागू दिनांक' घालून कसे शोधणार? व्यवहार झाला त्या क्षणी जे ठरलं ते नोंदीत उतरलंच पाहिजे. लिहिता न येणाऱ्या आक्कांना हे कळत होतं. सरांनी त्याला वहीची सवय म्हटलं, आणि मला आजही वाटतं की वहीची सवय असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हिशोबाचा फॉर्म कुणी बनवूच नये.

म्हणून तुमच्या बिलाच्या टेबलात दर हवा, कराची टक्केवारी हवी, सूट असेल तर तीही हवी. रक्कम नको, ती नग गुणिले दर अशी क्वेरीत काढा. ॲक्सेस २०१० पासून टेबलातच कॅल्क्युलेटेड फील्ड मिळतं, त्यातही काढता येईल, पण ते फक्त त्याच टेबलातल्या फील्डवर चालतं, दुसऱ्या टेबलातून दर आणत नाही. नाव मात्र साठवू नका, ते कोडवरून बघून आणा. मालाच्या नावातली चूक सुधारली तर ती सगळीकडे सुधारलेली बरी.

आणि तुमचं #एरर बहुतेक यानेच जाईल. खाली बेरजेसाठी सम वापरलंय ना? सम फक्त फील्डची बेरीज करतं. वरचा दर डीलुकअपची नुसती चौकट असेल तर तिचं नाव सममध्ये चालत नाही. दर टेबलात आला की नग गुणिले दर याची बेरीज सरळ होते. तरीही गेलं नाही तर रकमेच्या चौकटीचं नाव आणि आतल्या सूत्रातल्या एखाद्या फील्डचं नाव एकच आहे का बघा. फील्ड लिस्टमधून ओढून चौकट आणली की ती फील्डचंच नाव घेते, मग सूत्र स्वतःलाच शोधत बसतं. चौकटीला दुसरं नाव द्या.

एक दुरुस्ती माझ्याच बोलण्याला. रक्कम साठवू नका म्हटलं, ते बिल पक्कं होईपर्यंतच. बिल दिलं, पैसे घेतले, की त्या बिलाची एकूण रक्कम बिलाच्या मुख्य टेबलात लिहून ती नोंद बंद करा. ओळीओळीला पैसे पूर्णांकात आणून केलेली बेरीज आणि शेवटी एकदाच पूर्णांकात आणलेली बेरीज यांत रुपयाचा फरक पडू शकतो, आणि गिऱ्हाइकाने दिले तेच पैसे खरे.

तुम्ही ठिबकचं साहित्यही विकता असं लिहिलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबकवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीचं ठिबकचं एखादं बिल आज पुन्हा छापून बघा. त्यावर ५ टक्के आलं, तर फॉर्मचं बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि मालाच्या टेबलात पुढचा कुठलाही आकडा बदलण्याआधी जुन्या प्रत्येक बिलात त्या वेळचा दर आणि कर भरून घ्या. छापील प्रती तुमच्या दुकानात नसतील तर गिऱ्हाइकांकडे विचारा. कुणीतरी ठेवलेल्या असतात.