स्विचला तीन खाचा की पाच?

प्रश्न : माझी मुलगी 17 वर्षांची आहे. तीन वर्षं साधी गिटार वाजवून आता तिला इलेक्ट्रिक हवी आहे. दुकानात दोन बाजूला काढून ठेवल्या आहेत. एकीला तीन पिकअप आणि पाच खाचांचा स्विच, दुसरीला दोन जाड पिकअप आणि तीन खाचांचा. मुलगी म्हणते, पाच आवाज मिळत असताना तीन कशाला? माझा भाऊ 15 वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, त्याच्याबरोबर ती अधूनमधून साथीला बसते. तो म्हणतो, स्टेजवर तीनसुद्धा जास्त होतात. दुकानदार तिसरीच दाखवतोय, तिचा एक नॉब ओढला की आणखी आवाज निघतात म्हणे. पैसे एकदाच घालायचे आहेत.
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुम्ही मिरजेच्या, म्हणून तंबोऱ्यापासूनच सुरुवात करतो. तार घोडीजवळ छेडली की आवाज टोकदार येतो. तीच मधोमध छेडली की गोल, भरलेला. इलेक्ट्रिक गिटारमध्ये छेडायची जागा तीच ठेवूनसुद्धा हा फरक मिळतो, कारण तिथे ऐकायची जागा बदलता येते. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजे कॉइल. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते आणि ती अँपकडे जाते. ब्रिजजवळचा, म्हणजे गिटारच्या घोडीजवळचा पिकअप बारीक थरथर जास्त टिपतो, मानेजवळचा मोठी हालचाल. या घडीला कोणाचं ऐकायचं, एवढंच स्विच ठरवतो.

पाच खाचांचा जन्म वाजवणाऱ्यांच्या हातून झाला आहे. फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर 1954 मध्ये आली तेव्हा तिला तीन पिकअप होते आणि खाचाही तीनच. लोकांच्या लक्षात आलं, की स्विच दोन खाचांच्या मध्येच अडकवून धरला तर दोन पिकअप एकदम चालू होतात आणि एक पोकळ, काचेसारखा स्वच्छ आवाज येतो. कारखान्यातून पाच खाचांचा स्विच यायला 1977 उजाडलं. मुलगी ज्या जादा दोन आवाजांसाठी हट्ट करते आहे ते हेच, आणि तिचा हट्ट मला पटतो. आणखी एक कारण आहे. एका कॉइलचा पिकअप आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघर उचलतो, आणि मंगल कार्यालयाच्या वायरिंगवर ती फार जाणवते. बहुतेक नव्या गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असतो, त्यामुळे दोन पिकअप एकदम चालणाऱ्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत (ब्रिजकडून मोजून) ही घरघर जवळजवळ नाहीशी होते. दुसऱ्या गिटारचे जाड पिकअप, म्हणजे हमबकर, यांच्यात दोन कॉइल कायमच्याच अशा जोडलेल्या असतात. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो याच त्रासापायी.

आता तुमच्या बंधूंचं म्हणणं. तीन खाचांच्या गिटारवर ऑर्केस्ट्रावाले काय करतात ते मी वर्षानुवर्षं शेजारी बसून पाहिलं आहे. मानेच्या पिकअपचा व्हॉल्यूम सहावर, ब्रिजचा दहावर. गाणं चालू असताना रिदम मानेवर, आणि अंतऱ्याआधीचा पीस आला की स्विच खाली. एका झटक्यात आवाज मोठाही होतो आणि धारदारही. मात्र त्यासाठी दोन पिकअपना दोन वेगळे व्हॉल्यूम लागतात. तुम्ही निवडलेल्या गिटारला किती आहेत, ते आधी मोजा. स्वस्त गिटारींत बरेचदा दोघांत एकच असतो, आणि मग मामांची ही युक्ती तिथे चालणारच नाही.

स्विचची जागाही बघा. पाच खाचांचा स्विच तारांच्या खालीच, उजव्या हाताच्या वाटेवर असतो. एका गणेशोत्सवात जोरात रिदम मारताना माझी करंगळी त्याला लागली, स्विच एक खाच सरकला आणि लीडचा पीस इतका पातळ आला की ढोलकीखाली बुडून गेला. गायिकेने अंतरा अंदाजाने उचलला. ते मला अजून बोचतं. म्हणून मुलीला दुकानात बसून नव्हे, पट्टा अडकवून उभं राहून वाजवू द्या. दहा मिनिटं जोरात रिदम, आणि न बघता स्विच बदलायचा.

ओढायच्या नॉबने हमबकरची एक कॉइल बंद होते. आवाज बारीक होतो, थोडा खाली जातो आणि घरघर परत येते. चांगली सोय आहे, पण केवळ तिच्यासाठी पैसे देऊ नका.

तरीही मी तिसरीच घेईन, तिला ब्रिजपाशी हमबकर आणि पुढे दोन साधे पिकअप असतील तर. एका कार्यक्रमात जुनं भावगीतही येतं आणि धांगडधिंग्याचं गाणंही; मुलीला चौथ्या खाचेचा स्वच्छ रिदम हवा आणि पीससाठी हमबकरचा भरणा हवा. फक्त दुसरी खाच तपासा. काही गिटारींत तिथे हमबकरची एक कॉइल आपोआप बंद होते, काहींत दोन्ही चालू राहतात, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतंच असं नाही. अँप हळू ठेवून छोट्या स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर अगदी हलकेच टक करा. चालू कॉइलवर अँपमधून ठक् ऐकू येतं, बंद कॉइलवर जेमतेम. चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढतो, तेव्हा तो घट्ट धरा. इफेक्ट सगळे बंद, टोनचे नॉब दहावर, आणि एकच कॉर्ड पाचही खाचांत वाजवून ऐका.

प्रश्न : पावसाळाभर गिटार कोपऱ्यात उभी होती. आता पाच खाचांचा स्विच हलवला की करकर होते आणि मधल्या खाचेत आवाजच नाही. पिकअप गेला का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : बहुधा नाही रे. वर सांगितलेली टक-चाचणी शेजारच्या दोन खाचांत मधल्या पिकअपवर करून बघ. तिथे ठक् आलं तर पिकअप जिवंत आहे. स्विचच्या पत्र्यांवर खाऱ्या, दमट हवेचा थर बसला आहे. तारा काढ, पिकगार्डचे, म्हणजे ज्या पत्र्यावर पिकअप बसवलेले असतात त्या प्लेटचे स्क्रू सोडव आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पत्र्यांवर मारून स्विच 30-40 वेळा हलव. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नकोस, त्यावर धूळ चिकटते. स्विच बंद डबीचा असेल तर आतपर्यंत फवारा नीट पोचत नाही, तो बदलावाच लागेल. सोल्डर काढण्याआधी कोणती वायर कुठे आहे त्याचा फोटो काढून ठेव.