काढा घशासाठी, मग घसा कशासाठी?

(जून २०२१)

मावशी,
मी पुण्यात एम.ए. संगीताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी मार्चमध्ये होस्टेल रिकामं करायला लावलं, तेव्हापासून डोंबिवलीला घरी. वर्ग मोबाइलवर होतात, सरांना माझा तानपुरा मधेच ऐकू येईनासा होतो. मन लागेना म्हणून स्वतःची काळजी घ्यायला लागले. ध्यानाचं अॅप, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायची वही, सूर्यनमस्कार, वाफ, आईचा काढा, सगळं चालू आहे. झोप-भूक ठीक, पण गाण्याची ओढच आटली. तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, आवाज फाटतो. घरचे खूप समजूतदार आहेत. बाबांचं दुकान बंद, घर दादाच्या पगारावर चालतं. हॉलमध्ये त्याच्या मीटिंगा असतात म्हणून रियाज मी ओठ मिटून, गुणगुणत करते, तेवढं सोडलं तर काहीच त्रास नाही. पहाटे तो झोपलेला असतो. शिवाय गाण्यानं करोना पसरतो, असं त्यानं वाचलंय. ऑगस्टमध्ये प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ पाठवायचा आहे. आणखी काय करू?
सूर हरवलेली

अगं, ‘तेवढं सोडलं तर’? काढ्याला, वहीला, अॅपला एकेक जागा दिलीस आणि पंधरा महिने तोंड न उघडता गातेयस ही गोष्ट दादाच्या मीटिंगांच्या वाक्यात दडपलीस. ओढ आटली म्हणे! पोहणाऱ्याला बादलीत बसवलं तर त्याची पाण्याची ओढ किती दिवस टिकेल?

गुणगुणणं वाईट नाही. गळा तापवायला गाणारे ते करतातच. पण तू गळा तापवत नाहीस, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबतेस. त्यात जबडा आवळला जातो, श्वास छातीतच अडतो आणि गळ्याला तीच सवय लागते. ‘आ’ म्हणत लावायचा आकार तोंड उघडल्याशिवाय लागत नाही, हे तुला मी सांगायचं का? असा महिनोन्‌महिने चोरून वापरलेला गळा एकदम तार षड्जाला नेलास, तर तो फाटेल नाही तर काय करेल?

आता तुझे समजूतदार घरचे. आई काढा देते घशासाठी, आणि तो घसा वापरायची घरात सोय नाही. दादा कमावतो, मान्य. तुझ्या पत्रात त्याची बाजू तू इतकी छान मांडली आहेस की मी पुन्हा मांडत नाही. पगार आणणाऱ्याला हॉल दिवसभर मिळाला, ठीक. पहाटही त्याचीच? सव्वा वर्षात त्यानं एकदा तरी विचारलं का, ‘तुझा रियाज कधी होतो गं?’ विचारलं असतं तर तू लिहिलं असतंस. तू आईचा काढासुद्धा लिहायचा सोडला नाहीस.

त्यानं वाचलेलं खोटं नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले होते, त्यातले ५३ आजारी पडले, दोघं गेले. पण ते अडीच तास बंद सभागृहात खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. तू एकटी, उघड्या खिडकीशी गाणार. आणि घरातली चौघं तशीही चोवीस तास एकच हवा घेताय. उद्या तुला किंवा कुणाला ताप आला तर थांब. आज कशाला थांबायचं?

झोप-भूक ठीक आहे असं तूच लिहिलंस म्हणून एवढं दटावतेय. नसती, तर पहिल्या ओळीत डॉक्टरांकडे धाडलं असतं.

तानपुऱ्याचं सांगते. ही व्हिडिओ कॉलची यंत्रणा माणसांच्या बोलण्यासाठी केलेली. एकसारखा चालणारा नाद तिला पंख्याची घरघर वाटतो आणि ती तो गाळून टाकते. तुमचा वर्ग झूमवर असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ शोध आणि चालू कर. बिचारे सर इतके दिवस तुला तानपुऱ्याच्या षड्जाविना ऐकताहेत.

बाकी अॅप, वही ठेव नाहीतर टाक, मला त्यात रस नाही. तू एकच कर. उद्या सकाळी सहाला हॉलमध्ये तानपुरा घेऊन बस. दादा तिथंच झोपलेला असला तरी बस. आदल्या रात्री परवानगी मागू नकोस. मागितलीस की ‘बघू’ म्हणतील आणि मग पुन्हा तुझे ओठ मिटतील. तोंड उघड आणि खरज, म्हणजे खालचा ‘सा’, लाव. पहिले पंधरा दिवस मंद्र आणि मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकातच राहा, रोज अर्धा तास पुरे. तार षड्जाकडे बघूसुद्धा नकोस, तो कुठं पळून जात नाही. घसा दुखला तर त्या दिवशी तिथंच थांब.

कुणी विचारलं तर म्हण, परीक्षा आहे. ती ऑगस्टमध्ये आहे, हे सांगायची गरज नाही.

आणि दादा जागा झालाच, तर मधेच उठून त्याला चहा टाकू नकोस.