मिरज, सातारा, कराड: मेडिकलला एकाच अर्जात भागतं का?

नाही भागत. नीट परीक्षा एकच असली तरी अर्ज दोन ठिकाणी करावे लागतात.

मिरज आणि सातारा इथल्या शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. उरलेल्या १५ टक्के दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते. कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ अभिमत (डीम्ड) विद्यापीठं असल्यामुळे तिथला प्रवेशही एमसीसीकडूनच होतो. घराजवळचं कॉलेज म्हणून राज्याच्या यादीत शोधत बसाल तर सापडणार नाही.

एमसीसीत अभिमतसाठी नोंदणी शुल्क ५,००० आणि अनामत २ लाख रुपये. ही अनामत ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत येते, म्हणून नेट कॅफेवाल्याच्या कार्डावरून अजिबात भरू नका. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर पैसे परत मिळतात. दुसऱ्या फेरीपासून जागा मिळूनही हजर झाला नाहीत तर अनामत जप्त होते. जायचंच नसेल ते कॉलेज पसंतीक्रमात टाकूच नका.

राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाइल (रहिवासी दाखला) लागतं, शिवाय दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली हवी. जत-मिरजेकडची मुलं बारावीला कर्नाटकात जातात आणि इथेच अडकतात. मोजके अपवाद आहेत, ते माहितीपुस्तिकेत बघा.

राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. निकालानंतर पळापळ करून ते वेळेत हाती येईलच असं नाही. नॉन-क्रीमीलेअरवरची वैधतेची तारीखही तपासा. मागच्या वर्षीच संपलेलं असेल तर चालत नाही.