शनिवारी बार्बर शॉपमध्ये एवढा वेळ कशाला?

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून अटलांटात राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाचा एक वर्गमित्र कृष्णवर्णीय आहे. तो दर पंधरवड्याला वडिलांबरोबर केस कापायला जातो आणि दोन-तीन तास तिथेच रमतो. आता ‘मलाही एकदा जाऊ दे’ असा हट्ट माझ्या मुलाने धरला आहे. केस कापायला इतका वेळ का लागतो? मोठ्यांच्या गप्पांत मुलांनी बसणे बरे का? त्याला पाठवावे का?
— एक वाचक, अटलांटा

उत्तर : प्रत्यक्ष कापणीला अर्धा-पाऊण तास पुरतो, उरलेला वेळ नंबर लागण्यात जातो. ‘फेड’ या प्रकारात मानेजवळ आणि कानाच्या वर केस जवळजवळ कातडीपर्यंत उतरवून वर टाळूकडे ते इतक्या बेताने वाढवत न्यायचे असतात, की मशीन कुठे बदलले याची रेघ दिसता कामा नये. कपाळावरची आणि कल्ल्यांजवळची कड शेवटी वस्तऱ्याने आखून घेतात. पंधरा दिवसांत ती पुसट होते, म्हणून दर पंधरवड्याची ही फेरी. अगदी लहान मुलासाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतात. त्याच्या पहिल्या कापणीला घरचे लोक फोटो काढतात, आणि तो रडू लागला तर दुकानातली अनोळखी माणसेही त्याला धीर देतात.

परंतु आपल्या मुलाच्या मित्राला तिथे ओढून नेते ती ही वाट पाहण्याची वेळच. बस चालवणारा, वकील, निवृत्त शिक्षक, नुकतीच नोकरी गेलेला तरुण असे सगळे एका रांगेत बसलेले असतात. बास्केटबॉलपासून महापौरांच्या निवडणुकीपर्यंत वाद रंगतात, आणि मुलगा ते ऐकत ऐकत शिकतो. त्याच्या वडिलांचेही केस पूर्वी कापलेला न्हावी शाळेत काय चालले आहे ते विचारतो, आणि उडवाउडवीचे उत्तर खपवून घेत नाही. शाळेत, दुकानात किंवा रस्त्यावर ज्या मुलाकडे वयाआधीच संशयाने पाहिले जाते, त्याला इथे लहान मूल म्हणून वागवले जाते. माझ्या मते या जागेचे मोल आधी यात आहे, बाकी सारे नंतर.

ही जागा कृष्णवर्णीय समाजाला सहजासहजी मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतील अनेक नामांकित केशकर्तनालये कृष्णवर्णीयांची होती, पण त्यांत गिऱ्हाईक फक्त गोरे. स्वतःच्या समाजातल्या माणसाला खुर्चीत बसवले तर गोरे पाठ फिरवतील, ही धास्ती. गावच्या न्हाव्याने दलितांच्या डोक्याला हात न लावण्याचा आपल्याकडचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली मेख वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याच शहरातील अलॉन्झो हर्नडन यांचे उदाहरण घ्या. १८५८ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या या गृहस्थांनी पीचट्री रस्त्यावर झुंबरांनी सजवलेले भव्य दुकान थाटले. तिथेही गिऱ्हाईक गोरेच होते, आणि त्या कमाईच्या बळावर त्यांनी १९०५ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी विमा व्यवसाय उभा केला. पुढे गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वेगळ्या पडत गेल्या, नव्या पिढीच्या न्हाव्यांनी स्वतःच्या वस्तीत दुकाने काढली, आणि गोऱ्या मालकाची किंवा गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी न लागणारी ही बैठक विसाव्या शतकात स्थिरावली.

या विश्वासाचा उपयोग पुढे इतरांनीही ओळखला. न्यूयॉर्कमध्ये पहिलीला शिकवणारे ॲल्विन अर्बी यांना आपलाच एक विद्यार्थी दुकानात कंटाळून बसलेला दिसला, आणि आत्ता याच्या हाताशी पुस्तक हवे होते असे त्यांना वाटले. त्यातून ‘बार्बरशॉप बुक्स’ हा उपक्रम निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांना आवडतील अशी पुस्तके दुकानाच्या एका कोपऱ्यात ठेवली जातात. लॉस एंजलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ दुकानांतील ३१९ गिऱ्हाइकांच्या रक्तदाबाचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन औषध देत होते, तिथे वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी २७ अंकांनी उतरला; जिथे न्हावी केवळ राहणीमान सुधारण्याचा आणि डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला देत होता, तिथे सुमारे ९ अंकांनी. हा प्रयोग प्रौढांचा होता हे खरे, पण काकाच्या दंडाला पट्टा बांधलेला पाहणाऱ्या मुलाला दवाखान्याची भीती थोडी कमी वाटत असेल, असे मला वाटते. लोरेन्झो लुईस यांचा ‘कन्फेस प्रोजेक्ट’ न्हाव्यांना गिऱ्हाइकाच्या मनाचे दुखणे ओळखायला आणि ऐकून घ्यायला शिकवतो. असे उपक्रम जरूर व्हावेत; मात्र प्रत्येक खुर्चीमागे कुणी तरी सुधारणेचा फलक लावू लागले, तर पोरे तिथून काढता पाय घेतील.

मोठ्यांच्या गप्पांविषयीची आपली शंका रास्त आहे. बायकांविषयीची शेरेबाजी, ‘पुरुषासारखा वाग’ हा धोशा आणि समलिंगी व्यक्तींची टवाळी अनेक दुकानांत चालते. हळव्या स्वभावाच्या किंवा वेगळ्या वाटेच्या मुलाला हीच खुर्ची नकोशी होऊ शकते. काही दुकानदार मुले समोर असताना शिवीगाळ चालू देत नाहीत, काही कानाडोळा करतात. म्हणजे दुकानागणिक फरक पडतो.

मुलाला अवश्य पाठवा, पण आधी मित्राच्या वडिलांशी बोला आणि तेच दुकान त्यांनी का निवडले ते विचारा. आपला मुलगा तिथे पाहुणा असेल. फोटो काढू नये आणि कुणाच्या केसांना हात लावू नये, एवढे त्याला आधी सांगून ठेवा. त्यालाही केस कापून घ्यायचे असतील तर आपले केस सरळ आहेत हे न्हाव्याला आधीच सांगू द्या, कारण सरळ केसांवर हात बसलेला नसेल तर चांगला कारागीर स्वतःच तसे सांगतो. पैशांबरोबर टीपही द्यावी लागते, आणि शनिवारी नंबर लवकर लावावा लागतो.