क्यूआर मेन्यू छापण्याआधी बघा, कोडच्या आत लिंक कोणाची आहे

तुम्ही लिहिलंय की चौदा टेबलांच्या फॅमिली रेस्टॉरंटसाठी एका फुकटच्या साइटवरून क्यूआर केले, अ‍ॅक्रिलिकचे स्टँड करून घेतले, आणि आता गिऱ्हाइकाने स्कॅन केलं की मेन्यूऐवजी ‘हा कोड बंद आहे, प्लॅन घ्या’ असं इंग्रजी पान उघडतं. तेच कोड परत चालू होतील का आणि नवे करायचे तर कसे, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. हे दुखणं आम्हीही भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. क्यूआर कसा बनवायचा, कसा डाउनलोड करायचा हे सगळं सोडून देतो, ते तुम्हाला जमलेलंच आहे.

मुळात कोड दोन प्रकारचे. साध्या, म्हणजे स्टॅटिक कोडमध्ये तुमच्या पानाचा पत्ता थेट त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत भरलेला असतो. त्याला मुदत नसते, कोणी बंदही करू शकत नाही. डायनॅमिक कोडमध्ये तुमचा पत्ता नसतोच. त्यात कोड देणाऱ्या कंपनीची एक छोटी लिंक असते. स्कॅन झालं की फोन आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्या मेन्यूकडे वळवला जातो. ट्रायल संपली की कंपनी हे वळवणं थांबवते. छापलेला कोड अगदी शाबूत असतो, फक्त मधला रस्ता अडवलेला असतो. फुकट साइटवर कोड करताना डायनॅमिक हाच पर्याय बऱ्याचदा आधीच निवडलेला असतो आणि ट्रायलची ओळ बारीक अक्षरात कुठेतरी खाली असते.

ओळखायचं कसं? फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा, पण लिंकवर बोट ठेवू नका. वर जो पत्ता दिसतो तो नुसता वाचा. तुमचं डोमेन, म्हणजे तुमच्या वेबसाइटचं नाव, दिसलं तर ठीक. अनोळखी नावापुढे पाच-सात अक्षरांचा गोंधळ दिसला तर तो डायनॅमिक. छापायला देण्याआधी हे दहा सेकंदांचं काम केलंच पाहिजे, आणि ते डिझायनरने नाही, मालकाने.

आमच्याकडे ज्या कंपनीचे कोड होते तिचं नाव लिहीत नाही, पण तिच्या मदतकेंद्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. फोन नंबर नाही, मेलला दर वेळी तेच छापील उत्तर: वार्षिक प्लॅन घ्या. एका महिन्याचे पैसे घ्या आणि कोड चालू करा म्हटलं तर तशी सोय नाही. बरं, वार्षिक प्लॅन घेतल्यावरही पुढच्या वर्षी कार्डवरून पैसे आपोआप कापले जातील याची खात्री नाही. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांनुसार, ऑक्टोबर 2021 पासून, कार्डवरून वारंवार होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाने रीतसर मँडेट, म्हणजे पैसे कापायची आगाऊ परवानगी, नोंदवावं लागतं. बऱ्याच परदेशी कंपन्यांकडे ती व्यवस्थाच नाही, त्यामुळे पेमेंट नाकारलं जातं. तुमच्या खात्यात पैसे असतात, कार्ड चालू असतं, तरी ऐन रविवारी रात्री चौदाही टेबलांचे कोड बंद. याचा मनस्ताप मालकाला तर होतोच, पण टेबलापाशी गिऱ्हाइकाची बोलणी वेटर खातो, त्याचा काही दोष नसताना.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: कंपनी महिन्याचा प्लॅन देत असेल तर एकच महिना घ्या. त्यात कोडचं डेस्टिनेशन तुमच्या स्वतःच्या पानावर वळवा, त्या महिन्यात नवे कोड छापून घ्या, जुने सगळे उचला आणि प्लॅन बंद करा. महिन्याचा प्लॅन नसेल तर वर्षाचे पैसे घालू नका. आजच जुन्या कोडवर कागद चिकटवून झाका आणि नवे येईपर्यंत छापील मेन्यू द्या. बंद कोड टेबलावर दिसत राहणं सगळ्यात वाईट.

आता नवे. एक डोमेन घ्या, डॉट इन चालेल. नाव जितकं आखूड तितकं बरं, त्याचं कारण पुढे येईल. डोमेन मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवर नोंदवा. वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या खात्यावर अजिबात नाही. तो चांगला असतो, पण दोन वर्षांनी पुण्याला नोकरीला जातो आणि नूतनीकरणाचा मेल त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो. एकदम तीन-चार वर्षांचं नूतनीकरण करून टाका. मोठ्या कंपनीची छोटी लिंक फुकट मिळते म्हणून तीही वापरू नका. गुगलने स्वतःचीच छोट्या लिंकांची सेवा गुंडाळली. 2018 मध्ये नव्या लिंक देणं थांबवायला सुरुवात झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंकही बंद झाल्या.

कोडमध्ये तुमचं डोमेन, पुढे तिरकी रेघ आणि टेबल क्रमांक एवढाच पत्ता भरा. मेन्यू प्रत्यक्षात कुठेही असू दे, त्या पत्त्यावरून तिकडे वळवा. यात डायनॅमिकचे सगळे फायदे मिळतात आणि किल्ली तुमच्याकडे राहते. वळवताना ‘कायमचं’, म्हणजे 301, निवडू नका. ‘तात्पुरतं’, म्हणजे 302, निवडा. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो, मग तुम्ही मेन्यूची जागा बदलली तरी नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन जुन्याच जागी जात राहतो.

मेन्यू पीडीएफ करून गुगल ड्राइव्हवर ठेवायचा असेल (सुरुवातीला चालतं, पण मला ते पटत नाही) तर दोन गोष्टी सांभाळा. शेअरिंग मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’ असतं, ते ‘लिंक असलेला कोणीही’ असं बदला, नाहीतर गिऱ्हाइकाला परवानगी मागणारं पान दिसेल. मालकाच्या फोनवर मात्र मेन्यू उघडतो, म्हणून हे लवकर ध्यानात येत नाही. तपासायचं तर दुसऱ्याच्या फोनवर तपासा. दुसरं, भाव बदलले की नवी फाइल चढवू नका, तिची लिंक वेगळी होते. जुन्या फाइलच्या ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये जाऊन नवी आवृत्ती चढवा, लिंक तीच राहते. तरीही माझं मत विचाराल तर पीडीएफपेक्षा साधं वेबपान कितीतरी बरं. ए-फोर आकाराचा मेन्यू फोनवर दोन बोटांनी ताणून ताणून वाचायला पन्नाशीपुढच्या माणसाला जमत नाही.

पान हलकं ठेवा. अक्षर किमान 16 पिक्सेल, फोटो सहाशे पिक्सेल रुंद आणि वेबपी स्वरूपात, तेही सगळ्या पदार्थांचे नकोत, दहा-बारा पुरेत. अ‍ॅप डाउनलोड करा, ओटीपी टाका असलं काही मध्ये आणू नका. नुसता मेन्यू वाचायला मोबाइल नंबर मागणं मला चुकीचं वाटतं, आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा बघता ती जबाबदारी अंगावर घेण्यात शहाणपणही नाही.

मराठी मेन्यूची एक खास अडचण आहे. तुमचा छापील मेन्यू डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असण्याची शक्यता दाट. तो मजकूर कॉपी करून वेबपानावर टाकला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मग कोणीतरी त्याचं चित्रच करून डाकवतं, म्हणजे पान जड झालं आणि पदार्थ शोधायची सोय गेली. सगळा मेन्यू युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. फोनवरच्या मराठी कीबोर्डवर एका दुपारचं काम आहे. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. टेबलावरच्या कार्डाचं डिझाइन आलं की पहिली वेलांटी आणि रफार बघा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जुळवणी बंद असली की ‘पिठलं’मधली वेलांटी ‘प’च्या आधी न येता नंतर येते आणि ‘तर्री’चा रफार सुटून ‘र’चा पाय मोडलेला दिसतो. डिझायनरला ते दिसत नाही, गिऱ्हाइकाला दिसतं.

आता छपाई. कोडला अक्षरं कमी तर चौकोन मोठे, आणि चौकोन मोठे तर स्कॅन लवकर. 25 बाय 25 चौकोनांच्या कोडमध्ये मध्यम दुरुस्तीक्षमतेवर (दुरुस्तीक्षमता म्हणजे काही भाग डागाळला तरी कोड वाचता येण्याची ताकद) 26 अक्षरं मावतात, 29 बाय 29 मध्ये 42. आखूड डोमेन घ्यायला सांगितलं ते यासाठी. दुरुस्तीक्षमतेच्या चार पायऱ्या आहेत: साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के. टेबलावर तेल-हळदीचे डाग पडणारच, म्हणून 25 ची, म्हणजे ‘क्यू’ पायरी घ्या. तिच्यात 29 बाय 29 ला 32 अक्षरं बसतात. मधोमध लोगो नको. डागांसाठी ठेवलेली दुरुस्तीची ताकद तो आधीच खाऊन टाकतो.

कोडची बाजू 4 सेंटिमीटर ठेवा. ढोबळ हिशेब असा की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या एक दशांश आकार हवा, म्हणजे हातभरावरून चार-पाच सेंटिमीटर. भोवती चार चौकोनांएवढी कोरी पांढरी किनार लागतेच. डिझायनर तिथे नक्षी किंवा वारली चित्रं भरतो, ती काढायला लावा. काळ्यावर पांढरा कोड काही फोन वाचत नाहीत. फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या जेपीजीच्या कडा फुटतात. लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर वरच्या एलईडीचा झोत नेमका कोडवर पडतो आणि गिऱ्हाईक स्टँड हातात घेऊन तिरका-सरळ करत बसतं. आधी एकच नमुना काढा आणि रात्री, दिवे लावून, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टेबलावर एका जुन्या अँड्रॉइडवर बघा. मग चौदा छापा.

कोडखाली मराठीत ठळक लिहा: ‘मेन्यूसाठी फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा’. आपल्याकडे क्यूआर दिसला की हात थेट पैसे भरण्याच्या अ‍ॅपकडे जातो, ते अ‍ॅप कोड चालत नाही म्हणतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं तुमचा मेन्यू बिघडलाय. यूपीआयचा कोड टेबलावर ठेवूच नका, तो काउंटरवर किंवा बिलाच्या फोल्डरमध्ये. टेबलावरच्या कोडवर कोणी दुसरं स्टिकर चिकटवून गेलं तर चटकन कळत नाही, म्हणून सकाळी टेबलं पुसताना पोरांना कोडवर बोट फिरवून बघायची सवय लावा.

मेन्यूत काय लिहायचं ते तुम्हाला कळतं, तरी ज्यावरून भांडणं होतात ते सांगतो. मिसळीबरोबर किती पाव, जादा पाव आणि रस्सा पैशांत की फुकट. हाफ-फुल म्हणजे किती जणांना. सुरमई-पापलेटसमोर नुसतं ‘बाजारभाव’ न लिहिता रोज सकाळी आकडा बदला. वेबपानाचा खरा फायदा तोच. शेंगदाण्याचं कूट ज्यात आहे तिथे तसं लिहा, आपल्या भाज्यांत ते सर्रास असतं आणि बाहेरगावच्या माणसाला ते माहीत नसतं. मांसाहारी खूण आता चौकोनात तपकिरी त्रिकोण आहे, ठिपका नाही. दहा किंवा जास्त शाखा अथवा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना असेल तर कॅलरीही लिहाव्या लागतात, तुम्हाला तो नियम लागू नसावा. जीएसटी धरून दर की वगळून, ते वरच लिहा. सेवाशुल्क बिलात परस्पर लावू नका, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै 2022 पासून तशी मनाई आहे. मी वकील किंवा सीए नाही, तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या. आणि वेबपानावरचा दर व बिलिंग मशीनमधला दर एकाच माणसाने एकाच वेळी बदलायचा, नाहीतर काउंटरवर रोज वाद.

कोडवरून ऑर्डर घ्यायची सोय विकायला तुमच्याकडे कोणीतरी येईलच. चौदा टेबलांना ती नको. कोडचा फोटो काढून घरून कोणीही टेबल सातच्या नावाने ऑर्डर टाकू शकतो, आणि दोन केओटी (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) आत गेल्या की स्वयंपाकघरात गोंधळ. घ्यायचीच तर वेटरने दुजोरा दिल्याशिवाय केओटी निघणार नाही अशी सोय त्यात आहे का ते आधी विचारा.

छापील मेन्यू चार-पाच ठेवाच, आणि आजी-आजोबा दिसले की न मागता द्या. तुमचा एसी हॉल तळघरात असेल तर तिथे नेटवर्क आहे का ते आधी बघा. नसेल तर गिऱ्हाइकांसाठी वेगळं वायफाय आणि त्याचा वेगळा कोड लागेल. बिलिंगचा कॉम्प्युटर ज्या वायफायवर आहे त्याचा पासवर्ड त्यात भरू नका.

आत्ताचा कोड स्कॅन केल्यावर पत्ता काय दिसतो आणि कंपनी महिन्याचा प्लॅन देते का, एवढं इथे लिहा. मग जुने स्टँड ठेवून फक्त आतला कागद बदलता येईल का ते सांगतो.