वाचकांचे प्रश्न : बडोद्याच्या शरदात पाने गळत नाहीत

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजार भागातील एका बालवाडीत शिकवते. वर्गात साडेतीन ते साडेपाच वर्षांची २२ मुले आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी मराठी बोलतात, निम्म्यांच्या घरी गुजराती. ऑक्टोबर महिन्यासाठी आम्हाला ‘शरद ऋतू’ हा विषय दिला असून सोबत आलेल्या चित्रांत लाल-पिवळ्या पानांचे ढीग आणि भोपळे आहेत. मी रंगीत कागदाची पाने कापून घेत होते, तेव्हा एका मुलाने विचारले, “ताई, ही पाने कुठल्या झाडाची?” अंगणातला कडुनिंब तर हिरवागार आहे. मला उत्तर देता आले नाही. प्रत्यक्ष हाताळून शिकता येईल असे या ऋतूत काय घ्यावे?
— एक शिक्षिका, बडोदे

उत्तर : ताई, त्या मुलाने झाडाकडे नीट पाहिले म्हणूनच त्याला हा प्रश्न पडला. त्याला सांगा की ही पाने दूरच्या थंड देशातल्या झाडांची आहेत आणि आपली झाडे पाने टाकतील तेव्हा आपण ती मिळून वेचू. घोटाळा भाषांतरातला आहे. थंड देशांतील पानगळीच्या ऋतूला आपण ‘शरद’ म्हणू लागलो. पण आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक, पाऊस नुकताच उघडल्यानंतरचा काळ. त्या देशांत दिवस लहान आणि थंड होऊ लागले की झाडे पानांतील हरितद्रव्य बनवणे थांबवतात, असलेले मोडून नाहीसे होते आणि पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. आपल्याकडे बहुतेक पानझडी झाडे जमिनीतला ओलावा कमी होऊ लागल्यावर पाने टाकतात. म्हणून कडुनिंब आणि पिंपळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात, सावर त्या सुमारास निष्पर्ण होऊन फुलते, आणि लाल पाने पाहायचीच असतील तर देशी बदामाच्या झाडाखाली हिवाळ्याच्या शेवटी जावे लागते. ज्या वडावरून या शहराचे नाव पडले, असे मानतात, तो तर एकदम बोडका होतच नाही. कागदाची पाने फेब्रुवारीपर्यंत कपाटात ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये दाराबाहेर जे खरोखर घडते आहे तेच वर्गात आणा.

माझी पहिली निवड नवरात्रातल्या घटाची आहे. मराठी घरांत घटाभोवती धान्य पेरतात, गुजराती घरांत जवारा पेरतात. त्यामुळे तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट घरची वाटेल. दोन पसरट मातीची भांडी घ्या. दोन्हींत सारखीच माती घालून मुलांच्या हातांनी मूठभर गहू पेरा. घरचाच गहू घ्या, कारण दुकानातल्या बियाण्याला अनेकदा औषध लावलेले असते. एक भांडे खिडकीत ठेवा, दुसरे कपाटात, आणि कोणता गहू उंच होईल हे मुलांना आधीच विचारून त्यांची मते फळ्यावर लिहा. जवळजवळ सगळी मुले खिडकीतल्या भांड्याच्या बाजूने बोलतील. काही दिवसांनी कपाट उघडल्यावर आतले कोंब अधिक उंच, पण फिके पिवळे आणि वाकलेले दिसतील, कारण अंधारात रोप उजेडाच्या शोधात नुसते लांब होते आणि हरितद्रव्य त्याच्यात तयार होत नाही. हे कारण मुलांना लगेच सांगू नका. कपाटातले भांडे खिडकीत आणून ठेवा आणि ते कोंब हिरवे होताना त्यांना पाहू द्या. रोज ठरलेल्या वेळी खिडकीतल्या एका कोंबाजवळ कागदाची पट्टी उभी धरून त्याच्या उंचीइतकी कापा आणि पट्ट्या भिंतीवर ओळीने चिकटवा. नवव्या दिवशी तिथे एक जिना तयार झालेला असेल, आणि ‘काल’, ‘आज’, ‘किती वाढले’ हे शब्द या वयाच्या मुलांना त्या जिन्यावर बोट फिरवताना जितके समजतात तितके दिनदर्शिकेवरून समजत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुसरी वस्तू प्राजक्ताची फुले. ती रात्री उमलतात, पहाटे गळतात आणि ऊन चढले की मलूल होतात. म्हणून ज्या मुलाच्या अंगणात झाड असेल त्याच्या घरच्यांना आदल्या संध्याकाळी झाडाखाली जुनी चादर अंथरायला सांगा आणि शाळा भरताच फुले मुलांपुढे ठेवा. आधी वास, मग मोजणी. सगळ्या फुलांच्या पाकळ्या सारख्या नसतात. पाच, सहा, सात, क्वचित आठही निघतात. त्यामुळे मोजणी म्हणजे पाठांतर राहत नाही आणि प्रत्येक मुलाला आपल्या फुलाचे उत्तर स्वतःच शोधावे लागते. पाच पाकळ्यांची फुले एका ताटलीत, सहांची दुसऱ्या ताटलीत, असे वर्गीकरण मुले आपणहून सुरू करतात. मग केशरी देठ वेगळे काढून पांढऱ्या सुती कापडावर बोटाने चोळू द्या. उरलेले देठ तुम्ही स्वतः गरम पाण्यात टाकून दाखवा. पाणी पिवळे-केशरी होते, आणि निवल्यावर त्यात कापसाचा बोळा बुडवून मुले चित्र काढू शकतात.

भोंडल्याकडे मी केवळ सण म्हणून पाहत नाही. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरताना वर्तुळ, ठेका, आत-बाहेर हे सगळे अंगातून शिकले जाते, आणि गरबा पाहिलेल्या मुलांना तो फेर शिकवावाच लागत नाही. पण खरी मौज खिरापत ओळखण्यात आहे. चार सारख्या बंद डब्यांत चुरमुरे, खडीसाखर, सुक्या खोबऱ्याचे तुकडे आणि राजगिऱ्याचा लाडू ठेवा. मुलांनी डबा हलवून, उचलून, शेवटी झाकण किलकिले करून वास घेऊन ओळखायचे. “वाजतंय का? जड आहे का? ओलं आहे की कोरडं?” असे प्रश्न विचारा आणि गुजराती बोलणाऱ्या मुलाने दिलेले नावही तितक्याच आदराने फळ्यावर लिहा. खायला देताना मात्र फुटाणे, शेंगदाणे आणि खडीसाखर टाळा. लहान मुलांच्या घशात हे पदार्थ अडकू शकतात.

चंद्राचे काम घरच्यांवर सोपवा. शारदीय नवरात्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते, म्हणजे त्या दिवसापासून कोजागरीपर्यंत चंद्र वाढतच जातो. तीजेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला, अष्टमीचा अर्धा चंद्र संध्याकाळी दक्षिणेला, पौर्णिमेचा दिवे लागताना पूर्वेला. मुलांना त्यासाठी जागावे लागत नाही. काळ्या कागदावर खडूने रोज एक चंद्र काढावा. ढग असतील त्या दिवशी ढग काढावा.

पिकलेल्या कपाशीचे बोंड मिळाले तर जरूर आणा. बडोद्याच्या आसपास या सुमारास वेचणी सुरू होते, आणि बोटांनी कापूस ओढून सरकी वेगळी करणे हा बोटांना उत्तम व्यायाम आहे.

बियांच्या बाबतीत मात्र फार सावध राहा. गुंज, धोत्रा आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या विषारी आहेत, जरी आपल्या आधीच्या पिढ्या बिट्ट्यांनी खेळल्या असल्या तरी. एरंडाचे उत्पादन देशात सर्वाधिक गुजरातमध्येच होते, त्यामुळे त्याच्या सुंदर ठिपकेदार बिया मुलांच्या हाती सहज लागतात, त्याही विषारीच. सीताफळाच्या बिया मोजायला छान आहेत, पण त्या फोडू देऊ नका. आतल्या गराने डोळ्यांना इजा होते. सयाजीबागेत सहल नेलीत तर विश्वामित्रीच्या काठापासून मुलांना दूर ठेवा, कारण नदीत मगरी आहेत.

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी बालवाडीतून रोज पिशवीभर पाने आणि बिया आणते. सासूबाई म्हणतात की एवढ्या दिवसांत अक्षरे आली असती. मलाही काळजी वाटू लागली आहे.
— एक आई, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : सासूबाईंची काळजी मायेतूनच आलेली आहे, तेव्हा त्यांना सोबत घेऊनच हे समजून घेऊ या. पेन्सिल धरायला अंगठा आणि दोन बोटे यांत जो जोर व नेमकेपणा लागतो, तो बी चिमटीत उचलण्यातून, देठ सोलण्यातून येतो. ‘सारखे’ आणि ‘वेगळे’ ओळखणाऱ्या डोळ्यालाच पुढे ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक दिसतो. हा विचार नवा नाही आणि परकाही नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करून पुढे महाराष्ट्रात आल्या, आणि १९४५ पासून बोर्डीत व नंतर कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने आणि खडे वापरून गरिबांच्या मुलांना शिकवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा खेळावर आणि कृतीवर आधारलेला आहे.

तुम्ही एवढेच करा : पिशवी रिकामी करण्यापूर्वी मुलीला आजीसमोर ताटात सगळे मांडू द्या आणि कशाशेजारी काय ठेवले, का ठेवले, हे आजींनीच तिला विचारावे. तिने सांगितलेले एक वाक्य तिच्यादेखत मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि ते पान किंवा बी त्याखाली चिकटवा. काही दिवसांत ती स्वतःच विचारू लागेल की यातले ‘पान’ कुठे लिहिले आहे.