वाचता न येणाऱ्या मजुरांसाठी फवारणीच्या सुरक्षेचं पोस्टर कसं करावं?

कीटकनाशकाच्या डब्यावरचीच चिन्हं मोठी करून छापली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो; लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत कमी. पण हिरवा रंग बघून माणूस बिनधास्त होतो. शिवाय कवटी फक्त लाल त्रिकोणाच्या डब्यावर असते, त्यामुळे पिवळा डबा विषारी असूनही साधा वाटतो. म्हणून रंग शिकवत बसू नका, कृती दाखवा.

एका चित्रात एकच कृती आणि माणूस पूर्ण काढा. नुसता कापलेला हात दिसला की लोक गोंधळतात. फुलीवर विसंबू नका. चोंदलेलं नोझल तोंडाने फुंकणारा माणूस काढून त्यावर फुली मारली, तर फुंकणंच लक्षात राहतं. त्याऐवजी जुन्या टूथब्रशने नोझल घासणारा माणूस काढा. वाऱ्याची दिशा बाणाने नको, पुढे उडणाऱ्या दुपट्ट्याने दाखवा, म्हणजे वारा पाठीवर आहे हे कळतं.

चित्रकार हमखास चुकतात ते पँटच्या बाबतीत. पँट गमबुटात खोचलेली काढतात आणि अंगावरून ओघळलेलं औषध सरळ बुटात उतरतं. पँट बुटाच्या वरून सोडलेली हवी. कापूसही गुडघ्याएवढा काढू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, तेव्हा कित्येक शेतांत कपाशी माणसाच्या उंचीला आली होती आणि फवारा तोंडावर येत होता. चित्रातलं पीक तसंच उंच दाखवा. पाणी आणणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बायाही चित्रात असू द्या.

मात्रा आकड्यात लिहून उपयोग नाही. एका पंपाला लागेल तेवढं माप मापट्यावर रंगीत टेपने आखा आणि पोस्टरवर तेच मापटं खऱ्या आकारात छापा. दुसऱ्या औषधाची मात्रा वेगळी, तेव्हा मापटंही वेगळं, टेपही वेगळ्या रंगाची.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाण्याआधी साबणाने हात धुणं आणि चक्कर आली की डबा सोबत घेऊन दवाखान्यात जाणं, या दोन चित्रांना सर्वांत मोठी जागा द्या. सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप करा. तो वऱ्हाडीत हवाच, पण कोलामी आणि बंजारा बोलीतही हवा.

छापण्याआधी चित्रं मजुरांना एकेकट्यानं दाखवा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘हा माणूस काय करतोय? तुम्ही काय कराल?’ असं विचारा. एकानेही उलटा, घातक अर्थ लावला तर ते चित्र नव्याने काढा.